वत्सगुल्म ते पोहरादेवी : वाशिमच्या भाषांची ओळख

१५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पातूर नगर परिषदेच्या पाटीचा निकाल दिला. नगर परिषदेच्या नव्या इमारतीवर वर मराठी आणि खाली उर्दू अशी पाटी लागली होती. उर्दू काढून टाका, ही मागणी जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ अशा पायऱ्या चढत दिल्लीपर्यंत पोहोचली होती. मराठी असेल तर तिच्या जोडीला उर्दू लिहिण्यास महाराष्ट्राचा २०२२ चा स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा कायदा आड येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. दुसऱ्याच दिवशी, १६ एप्रिलला, मुंबईत शासन निर्णय निघाला : मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची. त्यावर राज्यभर रान उठले, १७ जूनला दुरुस्ती आली आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले.

पातूर अकोल्याहून वाशिमला जाताना घाटाच्या अलीकडे लागते. घाट चढून गेले की मालेगाव आणि पुढे वाशिम. १ जुलै १९९८ ला वाशिम वेगळा जिल्हा झाला, तोवर हा सगळा मुलूख अकोला जिल्ह्यातच होता. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार १२ लाखांच्या आत-बाहेर लोकसंख्या. मुंबईच्या वाहिन्यांवर त्या उन्हाळ्यात 'लहान मुलाला तीन भाषा झेपतील का' यावर तावातावाने चर्चा चालली होती, तेव्हा मानोरा तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरचे सात वर्षांचे पोर घरात बंजाऱ्यांची गोरमाटी, शाळेत मराठी आणि मोबाइलवर हिंदी ऐकत-बोलत होते. ते पोर या चर्चेत कुणाच्या खिजगणतीतही नव्हते.

भाषावैविध्याचा विषय निघाला की आपल्याकडे उदाहरण दिले जाते ते स्वित्झर्लंडचे. चार राष्ट्रीय भाषांचा तो देश खराच. पण त्याच्या २६ कँटनांपैकी २२ कँटनांचा कारभार एकाच भाषेत चालतो. तिथे भाषांना आपापला प्रदेश वाटून दिलेला आहे. बेल्जियमने तर १९६० च्या दशकात डच आणि फ्रेंच भाषकांमध्ये कायद्याने भाषासीमाच आखली. वाशिम जिल्ह्यात अशी रेघ काढायची म्हटले तर ती एकाच गल्लीतून, एकाच दुकानातून आणि कधी कधी एकाच माणसाच्या तोंडातून काढावी लागेल. कारण इथे भाषांनी प्रदेश वाटून घेतलेला नाही. कामे वाटून घेतली आहेत. घरची एक, बाजारची एक, देवाची एक, कचेरीची एक. ही वाटणी किती जुनी आहे आणि तिच्यात कोणत्या भाषेच्या वाट्याला काय आले, हे पाहिल्याशिवाय आजच्या भांडणांचा अर्थ लागत नाही.

वाटणीचा सर्वांत जुना पुरावा तांब्यावर कोरलेला आहे. वाशिमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या दोन शाखांपैकी एकीची ही राजधानी. १९३९ मध्ये वाशिमलाच एक ताम्रपट सापडला आणि त्याने या शाखेचा इतिहास उजेडात आणला. दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षी नांदेड परिसरातले एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिले, त्याचा हा लेख. काळ चौथ्या शतकातला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी त्याचे संपादन केले. त्याची गंमत अशी, की राजाची वंशावळ सांगणारा भाग संस्कृतात आहे आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार, म्हणजे कोणते गाव, कोणाला आणि कोणत्या सवलतींसह, हा भाग प्राकृतात आहे. घराण्याचा मोठेपणा एका भाषेत, कामाचे बोलणे दुसऱ्या भाषेत. सरकारी कागदावर दोन भाषा नांदू शकतात, हे वाशिमने सोळाशे वर्षांपूर्वीच तांब्यावर लिहून ठेवले आहे.

याच शाखेचा संस्थापक सर्वसेन हा स्वतः कवी होता. त्याचे 'हरिविजय' हे महाराष्ट्री प्राकृतातले काव्य आज हरवले आहे, पण आनंदवर्धनासारख्या काव्यशास्त्रज्ञांनी त्याची दखल घेतली, म्हणून त्याचे नाव टिकले. पुढे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न विदर्भातल्या वत्सगुल्मात लावून दिले. म्हणजे कवितेची सोयरीक जिथे जुळली ते गाव वाशिम, असे त्या काळचा एक मोठा पंडित मानत होता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला, तेव्हा त्याच बैठकीत प्राकृतलाही तो मिळाला. मराठीच्या आनंदात प्राकृतची बातमी झाकली गेली. वाशिमकरांना मात्र दोन्ही बातम्या आपल्या म्हणता आल्या असत्या.

कारंजाची गोष्ट आणखी वेगळी. हे व्यापारी गाव दिगंबर जैनांचे मोठे केंद्र होते. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांची मंदिरे तिथे आहेत, भट्टारकांच्या गाद्या होत्या, आणि मंदिरांच्या भांडारांत संस्कृत, प्राकृत व अपभ्रंश पोथ्या जपून ठेवलेल्या होत्या. राजस्थानातून आलेले बघेरवाल जैन इथे स्थिरावले, त्यांनी या भांडारांना हात दिला. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची छापली, तिच्यामुळे कारंजाच्या पोथ्यांची कीर्ती विद्वानांपर्यंत पोहोचली. मग अमरावतीच्या महाविद्यालयात शिकवणारे डॉ. हीरालाल जैन आणि प. ल. वैद्य यांनी एकामागून एक अपभ्रंश ग्रंथ संपादित केले. पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' १९३१ मध्ये आणि 'णायकुमारचरिउ' १९३३ मध्ये कारंजाहूनच प्रसिद्ध झाले. पुष्पदंताने ही काव्ये दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, लिहिली. कर्नाटकात रचलेली अपभ्रंश काव्ये वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी राजस्थानी मुळाच्या लोकांनी सांभाळावी, आणि तिथूनच ती छापून बाहेर पडावी! हिंदी, मराठी, गुजराती या भाषांच्या पूर्वपिढीचा अभ्यास करणाऱ्याला कारंजाचे नाव टाळून पुढे जाता येत नाही.

दत्तभक्तांना कारंजा माहीत आहे ते नृसिंहसरस्वतींचे जन्मगाव म्हणून. नृसिंहसरस्वती जन्मले वऱ्हाडात, शेवटी स्थिरावले भीमेकाठी गाणगापुरात. त्यांचे चरित्र सांगणारा 'गुरुचरित्र' हा ग्रंथ महाराष्ट्राच्या घराघरांत सप्ताहाला वाचला जातो; तो लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांची घरची भाषा मात्र कानडी. मराठी आपल्याला येत नाही, असे ते ग्रंथात स्वतःच कबूल करतात आणि पुढे हजारो ओव्या मराठीत लिहितात. मध्येच कानडी पदेही येतात. पारायण करणारे मराठी भाविक ती पदे तितक्याच श्रद्धेने म्हणतात, अर्थ कळो वा न कळो. भाषेच्या शुद्धतेची चिंता करणाऱ्यांनी या पारायणाकडे एकदा पाहावे.

पुढच्या काळात राज्ये बदलली आणि कचेरीची भाषाही. अकबराच्या दरबारातल्या 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातला एक सरकार म्हणून बासिमची नोंद आहे, दफ्तर फारसीत. मग निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दुहेरी सत्ता. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे बासिम हा स्वतंत्र जिल्हा झाला, १९०५ मध्ये तो मोडला. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला आणि हिंदी-मराठी अशा दोन भाषांच्या प्रांतात वाशिमकर राहू लागले. १९५० मध्ये त्याच प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबईच्या महाद्विभाषिकात आला, आता जोडीदार गुजराती. १ मे १९६० ला महाराष्ट्र. १९३० साली वाशिमात जन्मलेला माणूस आपले गाव न सोडता तिशीच्या आत चार वेगवेगळ्या नावांच्या प्रांत-राज्यांचा रहिवासी झाला. त्यातल्या पहिल्या तीन प्रांत-राज्यांत मराठीला शेजारीण होती. एकभाषी राज्याची सवय इथे फार तर पासष्ट वर्षांची आहे.

इतक्या शेजारणींच्या सहवासात वऱ्हाडी बोली घडली. ग्रियर्सनने १९०५ मध्ये भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात मराठीबरोबर तिची नोंद केली. 'मले', 'तुले' हे चतुर्थीचे रूप, 'डोळा'चा 'डोया' आणि पुण्याच्या माणसाला थबकवणारे 'मी जाऊन राह्यलो' हे चालू काळाचे वळण या बोलीच्या ओळखीच्या खुणा. शेवटचे वळण हिंदीच्या 'जा रहा हूँ'ला जवळचे आहे. शाळेत मास्तर ते लाल शाईने खोडत आले. भाषाशास्त्राला ते दीर्घ शेजाराचे स्वाभाविक फळ वाटते. सांगलीजवळच्या कुपवाडचा अभ्यास करून जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये दाखवले, की तिथल्या कानडी, मराठी आणि उर्दू बोलणाऱ्यांच्या वाक्यांची घडण शतकांच्या सहवासाने जवळजवळ एक झाली आहे. शब्द तेवढे वेगळे उरले. घरात आपली भाषा राखायची आणि बाहेर सगळ्यांना समजेल असे बोलायचे, यातून हे घडते. वऱ्हाडात हाच प्रकार कमी-अधिक प्रमाणात दिसतो. रिसोडकडून हिंगोलीच्या बाजूला सरकले की बोलण्यात मराठवाडी ढब येते, कारंजाकडून अमरावतीकडे गेले की हेल बदलतो.

ही बोली साहित्यात आणण्याचे काम वऱ्हाडातल्या लेखकांनी केले. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० ची. वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूरचे नामदेव कांबळे यांना 'राघववेळ' या कादंबरीसाठी १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये पद्मश्री. शिरपूर हे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे गाव, जिथे देशभरातून गुजराती आणि हिंदी बोलणारे जैन यात्रेकरू येतात.

उर्दूची मुळे या जिल्ह्यात तितकीच खोल आहेत. मंगरुळच्या नावातला 'पीर' हजरत हयात कलंदरांच्या दर्ग्याची आठवण सांगतो. त्याच गावात बिरबलनाथ महाराजांचे संस्थान आहे आणि दोन्हीकडच्या यात्रांची दुकाने मांडणारे दुकानदार बहुधा तेच असतात. वाशिम, कारंजा, मंगरुळपीर, रिसोड इथे उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. इथल्या मुसलमानांच्या घरातली उर्दू लखनौची नव्हे; ती दखनीच्या अंगाने जाणारी आणि वऱ्हाडीचा वास असलेली आहे. बाजार समितीत सोयाबीनच्या हर्रासाला तीच जीभ सहज वऱ्हाडीवर येते. भाव वाढवताना, हमालाला हाक मारताना, मापाऱ्याशी हुज्जत घालताना भाषा केव्हा बदलली हे बोलणाऱ्याच्याही ध्यानात येत नाही.

आता मानोरा तालुक्यातले पोहरादेवी. बंजारा समाज या गावाला आपली काशी मानतो. संत सेवालाल महाराजांचा जन्म परंपरेनुसार १७३९ चा, आजच्या आंध्र प्रदेशातल्या अनंतपूर भागातला, समाधी पोहरादेवीला. ५ ऑक्टोबर २०२४ ला तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्‌घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले, इमारतीचा आकार नंगाऱ्याचा. मात्र भाषेचा अभ्यास करायचा असेल तर रामनवमीच्या यात्रेत जावे. तेलंगणातून आलेल्या भाविकाला तेलुगू वाचता येते, कर्नाटकातून आलेल्याला कन्नड, यवतमाळ-नांदेडच्या माणसाला मराठी. तिघांच्या मुलांची पाठ्यपुस्तके तीन लिप्यांत आहेत. इतकेच काय, सरकारी दाखलेही वेगळे : तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. तरी देवळाच्या ओट्यावर बसून ते तिघे एकमेकांशी बोलतात, सोयरिकी जुळवतात, होळीची लेंगी गातात, ते गोरमाटीत. तीन राज्यांच्या राजभाषा जे करू शकत नाहीत ते एक लिपी नसलेली भाषा करते.

या भाषेचा प्रवास बैलांच्या पाठीवरून झाला. लदेणीचे तांडे मीठ आणि धान्य घेऊन राजस्थानापासून दख्खनपर्यंत फिरत. ज्या मुलखात जायचे तिथल्या लोकांची भाषा व्यापारापुरती यायलाच हवी होती. तांड्यात परतल्यावर मात्र आपली. रेल्वे आली आणि लदेणी संपली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरत्या जमातींना संशयित ठरवले. तांडे जागोजागी स्थिरावले, शेती आणि मजुरीला लागले. ग्रियर्सनने १९०७ च्या खंडात भिली आणि खानदेशीबरोबर बंजारी किंवा लभाणी हिचीही नोंद घेतली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे ही भाषा शाळेच्या फारशा आधाराविना टिकली आहे. भाषाशास्त्रज्ञ प्रबोध पंडित यांनी पुणे विद्यापीठातल्या आपल्या गुणे स्मृती व्याख्यानांत म्हटले होते, की पाश्चात्त्य समाजात स्थलांतरितांची भाषा दोन पिढ्यांत सुटते, ती टिकली तर कारण शोधावे लागते; भारतात उलट आहे, टिकणे ही रीत आणि सुटणे हा अपवाद. १९७२ मध्ये ही व्याख्याने ग्रंथरूपाने आली. पोहरादेवीची यात्रा त्यांचा मुद्दा सिद्ध करते.

पण पंडितांनी ज्या भारताचे वर्णन केले त्यात शाळा सर्वांच्या वाट्याला आलेली नव्हती. आता ती तांड्यावर पोहोचली आहे आणि पेच तिथेच आहे. पहिलीतले मूल पहिल्या दिवशी जी भाषा ऐकते ती त्याच्या घरची नसते. बाईंना किंवा गुरुजींना गोरमाटी येत असेल तर निभावते. नसेल तर मूल गप्प बसते आणि गप्प बसणाऱ्या मुलाला मठ्ठ ठरवायला वेळ लागत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-क १९५६ पासून सांगतो, की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने करावा. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत, शक्य तिथे, घरच्या भाषेतून शिकवण्याचा पुरस्कार करते. उर्दूला आठव्या अनुसूचीत जागा आहे, तिच्या शाळा आहेत, पुस्तके आहेत. गोरमाटी अनुसूचीत नाही, इथल्या शाळांत तिचे पाठ्यपुस्तक नाही. फासेपारध्यांची बोली गुजरातीला जवळची. तिचे तर नावही शाळेच्या दप्तरात येत नाही. बंजारा मुलांच्या अनेक आश्रमशाळा आहेत, पण त्या मराठी माध्यमाच्या.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. तांड्यावरच्या आईबापांना मराठी नको आहे असे मुळीच नाही. मराठीशिवाय तलाठी कार्यालय, बँक, नोकरी यांतले काही चालत नाही हे ते चांगलेच जाणतात. वसंतराव नाईक यांच्यासारखा तांड्यातून आलेला माणूस १९६३ ते १९७५ एवढा दीर्घकाळ मराठी राज्याचा मुख्यमंत्री राहिला, याचा त्यांना अभिमान आहे. त्यांच्या मुलांना तीन भाषा जड जातात अशीही तक्रार नाही. अडचण भाषांच्या संख्येची नाही, दर्जाची आहे. मुलाला येत असलेली पहिली भाषा शाळेच्या हिशेबात शून्य धरली जाते आणि मोजणी तिथून पुढे सुरू होते.

मोजणीचे तंत्र तर याहून विलक्षण. २०११ च्या जनगणनेत देशभरातल्या लोकांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ नावे सांगितली. छाननीनंतर त्यांतून १,३६९ मातृभाषा ठरल्या आणि त्यांची गटवारी होऊन दहा हजारांवर भाषक असलेल्या १२१ भाषांची यादी तयार झाली. या चाळणीत 'लमाणी किंवा लंबाडी' सांगणारे ३२ लाखांहून अधिक आणि 'बंजारी' सांगणारे १५ लाखांहून अधिक लोक हिंदी या शीर्षकाखाली जमा झाले. तेलंगणातला लंबाडी आणि मानोऱ्यातला बंजारा, ज्यांना एकमेकांचे बोलणे कळते, ते दोन वेगळ्या ओळींत आणि दोघेही हिंदीचे भाषक म्हणून. वाशिम जिल्ह्यातल्या हिंदीचा आकडा वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. आणखी एक अडचण अशी, की जनगणनेच्या अर्जात मातृभाषेनंतर येत असलेल्या फक्त दोनच भाषा लिहिता येतात. गोरमाटी, वऱ्हाडी मराठी, हिंदी आणि ऊसतोडीला किंवा मजुरीला जाऊन शिकलेली कन्नड किंवा तेलुगू एवढ्या भाषा बोलणाऱ्या निरक्षर बाईची चौथी भाषा कागदावर मावतच नाही. त्याच मोजणीनुसार देशातले सुमारे २६ टक्के लोक एकाहून अधिक भाषा जाणतात. वाशिमच्या आठवडी बाजारात तासभर उभे राहिलेल्या कुणालाही हा आकडा कमी वाटेल.

पुढच्या पानांत ज्यांना या विषयात उतरायचे आहे त्यांनी राज्य, लिपी, माध्यम असल्या मोठ्या शब्दांआधी हा जिल्हा डोळ्यांसमोर ठेवावा. दोन भाषांतला ताम्रपट, कानडी कवीने मराठीत ज्यांचे चरित्र लिहिले त्या नृसिंहसरस्वतींचे जन्मगाव, कारंजाच्या पोथ्या, पातूरची पाटी आणि पोहरादेवीची यात्रा हे सगळे शंभरेक किलोमीटरच्या टापूतले, आणि त्यातले एकही उदाहरण एका भाषेच्या चौकटीत बसत नाही.

या वाचकांपैकी जे वाशिममध्ये शिक्षक आहेत त्यांना एक विनंती : वर्गातल्या मुलांच्या घरी कोणती भाषा बोलतात याची साधी यादी वर्षाच्या सुरुवातीला करावी, आणि पहिल्या काही महिन्यांत तांड्यावरच्या एखाद्या आजीला गोष्ट सांगायला वर्गात बोलवावे. यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही. आणि सर्वांना दुसरी विनंती : १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख असलेल्या जनगणनेचा प्रगणक दारात येईल तेव्हा मातृभाषेच्या प्रश्नाला घाईने 'मराठी' किंवा 'हिंदी' असे उत्तर देऊ नये. घरात जी बोलतो ती भाषा तिच्या नावानिशी सांगावी, येत असलेल्या इतर दोन भाषाही सांगाव्यात आणि प्रगणकाने त्या तशाच लिहिल्या की नाही, हे विचारून घ्यावे.